भाऱ्याला हात

माझा खांदा सरकला तेव्हा मोठा आवाज झाला, असं झरी गावात अजूनही काहीजण सांगतात. आमच्या पाड्यावरचा एकजण तर तो आवाज आपण तलासरीच्या नाक्यावर चहा पिताना ऐकला, असं शपथेवर सांगायचा. आवाज झाला होता, पण तो वजनांचा लोखंडी बार फळ्यांवर आदळल्याचा. खांदा मुकाट्याने सरकला. शाळेच्या मागे एक खोली होती, पूर्वी तिथे धान्याची पोती ठेवत. सरांनी तिथे जुन्या दारांच्या फळ्या जोडून चौथरा केला होता आणि संध्याकाळी आम्ही मोजक्या मुली त्यावर वजनं उचलायचो. सरांचा नियम एकच: बार डोक्यावरून मागे जायला लागला की सोडायचा आणि आपण पुढे निघायचं. बाकीच्या मुली हे झटकन शिकल्या, मला मात्र जमेना. डोक्यावर घेतलेलं ओझं टाकून द्यायचं, ही गोष्ट माझ्या अंगाला ठाऊकच नव्हती. आमच्याकडे पोरीला नीट चालता यायला लागलं की तिच्या डोक्यावर कळशी येते. मग ठेच लागो की पायात काटा जावो, कळशी पडता कामा नये. पडली तर पाणी गेलं, कळशीला पोचा आला, आणि वर पाठीत धपाटा. त्या संध्याकाळी बार मागे गेला, सर ओरडले, "सोड, सुमन, सोड." मला स्वच्छ ऐकू आलं. आणि माझ्या हातांनी बार आणखी घट्ट धरला.

हल्ली मी डहाणूत मुलींना हाच खेळ शिकवते. नवी मुलगी आली की पहिला आठवडा तिला नुसतं टाकायला लावते. तिची आई दारात उभी राहून बघत असते आणि तिच्या तोंडावर लिहिलेलं असतं की ही बाई शिकवते की मोडतोड करायला लावते. मी काही बोलत नाही. माझा डावा खांदा थंडीत अजून ठणकतो, तो माझ्या वतीने बोलतो.

पुढचं नीट कळायचं तर आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गवताचा भारा असो की लाकडाची मोळी, बाई एकटी ती डोक्यावर घेऊ शकत नाही. वाहून नेऊ शकते, दोन टेकड्या ओलांडून नेईल, पण जमिनीवरून डोक्यापर्यंत न्यायला दुसरी बाई लागते. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. आधी गुडघ्यापर्यंत, मग एका दमात वर, आणि जिचा भारा तिने खाली शिरून मान ताठ करायची. याला हात लावणं म्हणतात. माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला बाई भाऱ्यापाशी उभी राहते आणि जी पहिली दिसेल तिला म्हणते, "हात लाव गं बाय." मग ओळख असो नसो, तिने थांबायचंच. नाही म्हणायचं नसतं. आमच्या शेजारच्या दोन जावा बांधावरून भांडून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण हात लावायची वेळ आली की एक मान वळवून "हात लाव" म्हणायची आणि दुसरी मान वळवून हात लावायची. आणखी एक, न मागता कुणी हात लावत नाही. बाई दम खात बसली असेल, कुणाची वाट बघत असेल, वाटेने जाणारीला काय ठाऊक. जिचा भारा तिने म्हटलं पाहिजे.

भात निसवत होतं, लोंब्या बाहेर येत होत्या, तेव्हा माझा हात गळ्यात आला. सरकारी दवाखान्यात खांदा जागेवर बसवला, आणि तो बसवताना मी जे काही बोलले ते ऐकून बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. दिवाळीनंतर निवड चाचणी होती. तिच्यात निवडलं गेलं की क्रीडा वसतिगृहात राहणं, खाणं, शिकवणारी माणसं, खरा चौथरा, सगळं मिळणार होतं. नाही निवडलं गेलं तर पाड्यावरच्या बाकीच्या पोरींसारखं पहाटे जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि हद्दीपलीकडे गुजरातेतल्या कंपनीत दिवसभर डब्यांना झाकणं लावायची. बाबा त्याच बाजूला एका कंपनीत होते. ते कधी म्हणाले नाहीत की तूही चल. पण संध्याकाळी घरी आले की आधी माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघायचे, मग हातपाय धुवायला जायचे. सरांनी मला सांगितलं, "डहाणू रोडला निमिषाबेनकडे जा. खांदा परत वर नेणारी तीच. पण ती सांगेल तेवढंच करायचं, तुझं डोकं चालवायचं नाही." सर मला चांगलं ओळखत होते.

निमिषाबेनचा दवाखाना स्टेशनपासून जवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. झरीहून जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू, आणि मग जिना. जिन्यात खालच्या गल्लीतल्या चिकूच्या पेट्यांचा गोड, जरा आंबलेला वास भरलेला असायचा. आत गेलं की औषधी मलमाचा वास आणि म्हातारी माणसं. सगळे गुडघेवाले. त्यांच्यात मी एकटीच रुंद खांद्यांची दांडगी पोर, पट्ट्यात हात अडकवून बसलेली. निमिषाबेन म्हणजे जेमतेम माझ्या छातीपर्यंत येणारी, केसांचा घट्ट अंबाडा बांधणारी बाई. मूळची गुजराती, डहाणूतच वाढलेली, मराठी फाडफाड बोलायची पण मध्येमध्ये तिची भाषा डोकावायची. पहिल्या दिवशी तिने माझा हात हातात घेतला, हळूच जरासा फिरवला आणि विचारलं, "किती उचलायची तू?" मी छाती फुगवून आकडा सांगितला. ती म्हणाली, "छान. आता हा हात उचल." हात नुसता माझा, त्याच्यावर काही नाही. तो खांद्याच्या रेषेपर्यंतसुद्धा गेला नाही. घामाने माझं तोंड भिजलं. "बस," ती म्हणाली, "आज आपला रेकॉर्ड एवढा. धीरज राखायचा, समजली ने?"

धीर माझ्याकडे कधीच नव्हता, आजही फारसा नाही. तिने दिलेले व्यायाम ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथे दुखेल तिथे थांबायचं, तशीच बोटांनी उतरायची. बगलेत टॉवेलची गुंडाळी धरायची आणि रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ताणायचा. गुंडाळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. पट्टे रंगांचे होते. पिवळा सगळ्यात मऊ, मग लाल, मग हिरवा. मला पिवळा मिळाला. बाजूच्या आजोबांना लाल होता, आणि ते तो ताणताना माझ्याकडे बघून हसायचे. मी चिडून दिवसातून सांगितल्याच्या दुप्पट वेळा करायला लागले. खांदा सुजला. निमिषाबेनने सूज बघितली आणि पिवळा पट्टाच माझ्याकडून काढून घेतला. "आठ दिवस नुसता झुलव," म्हणाली. परतीच्या एसटीत मी इतकी रागात होते की तलासरी आलं ते कळलं नाही, कंडक्टरने हाक मारून उतरवलं.

घरी मला बसवत नव्हतं आणि उभं राहून करायला काही नव्हतं. पाणी भरायचं नाही, दळण उचलायचं नाही, झाडूसुद्धा उजव्याच हाताने. आमचं घर पुढून विटांचं झालं होतं, मागची स्वयंपाकाची खोली मात्र जुन्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. दिवसभर तिथे कोंबड्या आत-बाहेर करायच्या, वाऱ्याने पत्र्याचा सुटलेला कोपरा टकटक वाजायचा, आणि मी चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. आई भाकऱ्या थापत असायची. तांदळाच्या, कधी नागलीच्या, सोबत सुक्या बोंबलाचं लाल कालवण. ती म्हणायची, "बस की गं जरा. तुझ्या चालण्यानं माझी भाकर फाटतं." आई मोजकं बोलायची. खांद्याला मोहाच्या बियांचं तेल चोळायची तिला फार हौस होती. निमिषाबेनने चोळायला मनाई केली होती, म्हणून आई तेल कोमट करून वाटीत माझ्याशेजारी ठेवायची आणि मला काही न सांगता निघून जायची. पिवळा पट्टा परत मिळाला तेव्हा एकदा तो हरवलाच. सगळं घर शोधलं. संध्याकाळी बाबा आले तर त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर डबा त्याच पट्ट्याने बांधलेला. "चांगला ताणतो," बाबा म्हणाले. मी इतकी ओरडले की कोंबड्या अंगणाबाहेर गेल्या. आणि मग आई हसायला लागली, मग बाबा, आणि शेवटी मीही. त्या महिन्यांत मी हसल्याचं मला एवढंच आठवतं.

भिंत चढायचा व्यायाम मी त्या कुडाच्या भिंतीवर करायची. बोटं जिथपर्यंत पोचतील तिथे कोळशाने रेघ ओढायची. रेघा वर सरकत होत्या, पण इतक्या थोड्या की काही दिवशी नवी रेघ जुनीवरच पडायची. तरी मला त्या रेघा भाकरीपेक्षा जास्त लागायच्या. सकाळी उठून आधी त्यांच्याकडे बघायची. दिवाळी जवळ आली आणि मी डहाणूहून परत आले तर भिंत लालभडक. आईने सगळी खोली नव्याने लिंपून वर गेरू फिरवला होता. एकही रेघ उरली नव्हती. मी पिशवी टाकली आणि जे तोंडात आलं ते बोलले. आईने ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, "रेघा पुसल्या. हात तर नाय ना पुसला? चढ." भिंत अजून ओली होती. मी रागारागाने बोटं टेकवली आणि चढत गेले. ओल्या लिंपणात बोटांचे ठसे उमटत गेले, एकावर एक. जिथे थांबले तो ठसा माझ्या कपाळाच्या वर होता. तिथवर मी आधी कधी गेले नव्हते. आईने मान वर करून बघितलं आणि चुलीकडे वळली. ते ठसे पुढच्या वर्षीच्या लिंपणापर्यंत तसेच राहिले.

दिवाळीनंतर माळावर गवत कापायला सुरुवात झाली, तेव्हाची गोष्ट. मी दवाखान्यातून येत होते. निमिषाबेनने त्या दिवशी लाल पट्टा दिला होता आणि बजावलं होतं, "छातीच्या वर काहीही न्यायचं नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही. आता चुकली तर खांदा पुन्हा सरकेल, आणि मग चाचणी विसरून जा." जीपमधून उतरून मी पाड्याकडे निघाले. वाटेत पळसाच्या झाडाखाली लखमी म्हातारी उभी होती, पायाशी गवताचा मोठा भारा. लखमी पलीकडच्या पाड्यावरची. अंगाने काडी, पण जिभेने चांगली धारदार, आणि तिच्या वयाच्या बायका घरी बसल्या तरी ती अजून स्वतःचं गवत स्वतः आणायची. मला बघून तिचा चेहरा खुलला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं मी वजनं उचलते ते. "बरी भेटलीस," ती म्हणाली. "हात लाव गं बाय."

मी उभी राहिले. आजही त्या जागेवरून जाताना माझे पाय मंद होतात. माझ्या अंगातलं सगळं त्या भाऱ्याकडे ओढलं जात होतं, हात तर मी न सांगताच, प्रवासापुरत्या गळ्यात घातलेल्या पट्ट्यातून अर्धा बाहेर आला होता. आजूबाजूला दुसरं कुणी दिसतंय का बघितलं. कुणी नव्हतं. मी म्हणाले, "आजी, माझा हात दुखतो. मना जमणार नाय." लखमीने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. माझे खांदे बघितले, मांड्या बघितल्या. "दुखतो?" ती म्हणाली. "लोखंड उचलायला दुखत नाय तो?" मी दवाखान्याचं सांगायला लागले. तिने ऐकलं नाही. ती भाऱ्यावर बसली आणि तोंड फिरवून दुसऱ्या कुणाची वाट बघायला लागली. मी निघाले. वळणावर मागे बघितलं तर ती तशीच बसली होती आणि ऊन उतरत होतं. चाचणीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत घरापर्यंत आले. पण रात्री जेवण तसंच ठेवून उठले.

दोन दिवसांत सगळ्या पाड्यांवर बोलणं झालं. ती पोर आता लोखंडच उचलते, गवत उचलत नाही. हे मला कुणी तोंडावर म्हणालं नाही. मला कळलं ते माळावर. आई गवत कापायची, मी उजव्या हाताने पेंढ्या गोळा करायची. आईने नेहमीसारखा मोठा भारा बांधला, बंद आवळला आणि उभी राहिली. खालच्या वाटेने तीन बायका चालल्या होत्या, ओळखीच्याच. आई म्हणाली, "हात लाव गं." त्यांच्यातली एक थबकली. दुसरी म्हणाली, "तुझी पोर हाये की. पैलवान." आणि त्या गेल्या. भांडण नाही, शिवी नाही. पण त्या गेल्या. आईला कुणी नाही म्हटल्याचं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली, जणू त्या परत येतील. मी भाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. माझं डोकं तापलं होतं. म्हटलं गेली चाचणी खड्ड्यात. मी वाकले आणि दोन्ही हात गवतात घातले.

"हात काढ," आई म्हणाली. मी म्हणाले, "काय होत नाय, उचल." तिने माझ्या मनगटावर विळ्याची मूठ ठेवली. जोरात नाही, नुसती ठेवली. "हात काढ, सुमी. तू इतके दिस दवाखान्यात जातंस ती कशाला? मना दाखवायला?" मी हात काढले. मग तिने बंद सोडला. सगळा भारा मोकळा करून खाली पसरला आणि त्याचे दोन भारे केले, इतके लहान की तिला ते गुडघ्यावर घेऊन एकटीला डोक्यावर चढवता येतील. एक घेऊन ती उतरणीने घरी गेली. दुसरा माळावर राहिला आणि त्याच्याशेजारी मी. ती परत आली, दुसरा घेतला, आणि मी तिच्या मागून रिकाम्या हाताने चालत गेले. माझ्या आयुष्यात मी खूप वजनं उचलली, त्यातली काही पेलली नाहीत, पण त्या वाटेने रिकाम्या हाताने चालण्याइतकं जड मला काही गेलं नाही. तेव्हापासून आई कुणाला हाक मारायची नाही. रोज दोन लहान भारे, रोज दोन खेपा.

त्या आठवड्यात मी निमिषाबेनच्या जिन्यावर दणादण पाय आपटत चढले. म्हटलं, मला चाचणीला जायचंय, सोडा मला, एवढं सगळं मी त्यासाठीच सोसलंय. तिने हात वर न्यायला सांगितला. गेला. मग तिने कोपराला धरून जरासा मागे दाबला, आणि मी तिचा हात झटकला. माझ्या अंगाला भीती वाटली होती, ती मला लपवता आली नाही. निमिषाबेन खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "जो बेटा, बघ," ती म्हणाली, "ही चाचणी गेली. मला पण वाईट वाटतं. पण खांदा राहिला, तर चाचणी पुन्हा येते." मी तिच्यासमोर भोकाड पसरलं. गुडघेवाले आजोबा उठून खिडकीशी गेले. मी तिला लखमीचं सांगितलं, आईच्या दोन भाऱ्यांचं सांगितलं. म्हटलं, चाचणीसाठी त्या म्हातारीला नाही म्हणाले, आता चाचणीही गेली आणि माझ्या आईला कुणी हात लावत नाही. तिने पाणी दिलं. समजूत घातली नाही, त्याबद्दल मी तिची अजून ऋणी आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "गवताचा भारा कसा उचलतात, ते मला दाखव." मी उशा घेऊन दाखवलं. तिने दोन्ही टोकांचे हात, कोपर, खांदा कुठे येतो ते बारकाईने बघितलं. त्या दिवसापासून माझ्या व्यायामात दोन्ही हातांनी उशी गुडघ्यावरून डोक्यावर न्यायची भर पडली. मग उशीच्या जागी वाळूची पिशवी आली, आणि पिशवीत दर वेळी थोडी वाळू वाढत गेली.

चाचणी माझ्याशिवाय झाली. तो दिवस मी घरात काढला, पत्र्याचा कोपरा ऐकत. सरांनी पुढच्या वर्षीसाठी नाव घालतो म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी मी गेलेही, पण तेव्हा पुढचं वर्ष म्हणजे मला कधीच न येणारी गोष्ट वाटत होती. थंडी वाढली, आंब्याला मोहोर आला. हिरवा पट्टा मिळाला, तो मला मऊ वाटायला लागला. एका सकाळी निमिषाबेनने माझा हात सगळीकडून दाबून, ओढून, फिरवून बघितला आणि या वेळी मी झटकला नाही. तिने वाळूची सगळ्यात मोठी पिशवी दिली. मी ती वर नेली, धरली, उतरवली. "बस," ती म्हणाली. "आता उचल. बार हळूहळू, सर सांगतील तसा. बाकी तुला काय उचलायचं ते तुला माहीत आहे." मी जिना उतरले, आणि खालच्या गल्लीत चिकूच्या पेट्यांचा वास पहिल्यांदाच चांगला वाटला.

जीपमधून उतरले तेव्हा ऊन कलत होतं. लखमीला शोधायचं असं काही मी ठरवलं नव्हतं, निदान तसं मी तेव्हा म्हणाले असते. पण मी सरळ घरी न जाता पळसाच्या वाटेने गेले. ती तिथेच होती. या वेळी लाकडाची मोळी, आणि ती मोळीशेजारी बसलेली. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने मला बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. ती बोलेना. मला हात लावता येईना, कारण तिने म्हटलं नव्हतं. काय म्हणणार, की आता दुखत नाही, आता सांग? एवढे महिने मी एवढीशी हालचाल करायला परवानगी मागत होते, आणि आता सगळा खांदा मोकळा होऊन त्या म्हातारीच्या एका शब्दासाठी अडकला होता. मी समोरच्या दगडावर बसले. पाय हलवत राहिले, उठले, पुन्हा बसले. दोन बायका वाटेने आल्या. मला वाटलं, लखमी आता त्यांना हाक मारणार. तिने त्यांना जाऊ दिलं.

त्या दिसेनाशा झाल्यावर ती म्हणाली, "पाय हलवू नको. घरातली लक्ष्मी जातं." मी पाय थांबवले. मग तिने उठून चुंबळ डोक्यावर नीट बसवली, मोळीच्या एका टोकाला गेली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लाव मग." मी दुसरं टोक धरलं. गुडघ्यापर्यंत घेतली. तिथे थांबून ती म्हणाली, "हळू गं. तुझा हात दुखतो ना." मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मोळी वर गेली, खांदा बरोबर तिच्यासोबत वर गेला, लखमी खाली शिरली आणि मान ताठ केली. मी हात सोडले. ती वळली आणि चालू लागली. मी तिथेच उभी राहून डोळे पुसले आणि मग मलाच हसू आलं.

घरी मी काही सांगितलं नाही. आईने भाकरी वाढली, मी जेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही माळावरचं शेवटचं गवत कापायला गेलो. मी दोन्ही हातांनी पेंढ्या गोळा करत होते. आई विळा बाजूला ठेवून गवत रचायला लागली, आणि मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण मला ते दोन लहान भारे बघायचे नव्हते. मागे गवताचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बंद आवळल्याचा आवाज आला. खालच्या वाटेने बायका चालल्या होत्या, त्यांच्यात लखमीही होती, आणि त्यांच्यातली एक थांबून वर बघत होती. आईने तिला हात हलवून पुढे जायला सांगितलं. मग तिने मला हाक मारली, "सुमी, हात लाव गं बाय." मी वळले. आईने एकच भारा बांधला होता.